महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा का?

चि. छकुली हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज मी ऑफिसला जाताना गाडीत दोनदा ऐकला. परवा तू आजीबरोबर पुण्यात सोमवार पेठेतल्या महादेवाच्या देवळात गेलीस, गाभाऱ्याच्या कडेने प्रदक्षिणेला निघालीस आणि आजीने मध्येच तुझा हात धरून तुला मागे वळवलं. तुझं म्हणणं असं, की गणपतीला, देवीला, मारुतीला आपण पूर्ण गोल फिरतो, मग महादेवालाच अर्धी प्रदक्षिणा का? त्याला वाईट नाही का वाटत? यावर आजी म्हणाली, "तसंच असतं गं बाई, चल."

आजीचं उत्तर चुकीचं नाही. ती साठ-सत्तर वर्षं तसंच वळते आहे, तिला कारणाची गरज उरलेली नाही. तुला मात्र ती आहे, आणि तुझ्या वयाचा असताना मलाही होती. फोनवर सांगितलं असतं तर तुझ्या झोपेच्या वेळेत अर्धवट राहिलं असतं, म्हणून लिहितोय. जोडाक्षरं अडली तर आजीला विचार, ती चष्मा लावून वाचून दाखवेल.

आता पुन्हा देवळात जाशील तेव्हा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकून आधी पिंडीकडे नीट बघ. पिंड जिच्यात बसवलेली असते ती शाळुंका. तिची एक बाजू चोचीसारखी पुढे आलेली असते. पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या भांड्यातून, म्हणजे गळतीतून, थेंब थेंब पाणी पडत राहतं. ते पाणी, अभिषेकाचं दूध, भिजलेली बेलाची पानं, सगळं त्या चोचीकडे जातं. तिथून जमिनीतल्या पन्हळीत आणि पन्हळीतून भिंतीला ठेवलेल्या भोकातून देवळाबाहेर. बाहेरच्या टोकाला बऱ्याच ठिकाणी गाईचं तोंड कोरलेलं असतं, त्याला गोमुख म्हणतात. ही जी पाण्याची वाट आहे तिला प्रणाल म्हणतात, सोमसूत्रही म्हणतात. आजीने तुला वळवलं ते तिथेच.

म्हणजे आजीने प्रदक्षिणा तोडली नाही. तिने तुला पाणी ओलांडू दिलं नाही.

हे तुला घरातलं उदाहरण देऊन सांगतो. आपण झोपलेल्या माणसाला ओलांडून जात नाही. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतो. दारातल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून जातो. इथे न्यू जर्सीतही तू हे करतेस, तुझ्या मैत्रिणी बघत राहतात. जे आपल्याला मोलाचं वाटतं त्याच्यावरून पाय न्यायचा नाही, एवढीच यामागची भावना आहे. देवाच्या अंगावरून आलेलं पाणी हे तर तीर्थच. शंकराच्या जटेतून गंगा उतरली असं आपण मानतो, मग ही इवलीशी पन्हळसुद्धा गंगाच झाली, नाही का?

आजी प्रदोषाला शिवमहिम्न म्हणते, ते तू ऐकलं असशील. त्याची एक गोष्ट आहे. पुष्पदंत नावाचा गंधर्व होता. तो कुणाला न दिसता आकाशातून फिरायचा आणि एका राजाच्या बागेतली फुलं रोज चोरून न्यायचा. राजा पूजेला बसे तेव्हा फुलंच नसत. पहारे ठेवले तरी चोर सापडेना. शेवटी राजाने बागेच्या वाटेवर शंकराला वाहिलेलं निर्माल्य पसरून ठेवलं. पुष्पदंताने नकळत त्यावर पाय दिला आणि त्याची अदृश्य व्हायची, उडायची शक्ती गेली. तेव्हा त्याने शंकराची क्षमा मागायला जे स्तोत्र रचलं ते हे महिम्न. माझ्या लहानपणी ही गोष्ट ऐकल्यापासून मी गोमुखाजवळ आलो की आधी पायाखाली बघायचो.

आता तुझ्या "अर्धी"बद्दल. ही प्रदक्षिणा शास्त्राप्रमाणे केली तर ती अर्धी नसतेच, उलट जास्त चालावं लागतं. नंदीपासून निघायचं, देव उजव्या हाताला ठेवून प्रणालापर्यंत जायचं. तिथे थांबून नमस्कार करायचा आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. नंदीशी थांबायचं नाही, तसंच पुढे जाऊन प्रणालाच्या दुसऱ्या बाजूला पोचायचं. पुन्हा वळून नंदीपाशी यायचं. कागदावर काढून बघ. एक हातभर जागा सोडली तर तू देवळाच्या सगळ्या भिंती पाहतेस आणि त्याही दोन्ही दिशांनी, दोनदा. कागदावर उमटलेला आकार चंद्राच्या कोरीसारखा दिसेल. सोम म्हणजे चंद्र, हे तुला ठाऊक आहेच.

आणखी एक गंमत. देऊळ पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून असेल तर प्रणाल सहसा उत्तरेला काढतात. दक्षिणोत्तर असेल तर पूर्वेला. त्यामुळे पूर्वाभिमुख देवळात तू दक्षिण, पश्चिम असा जवळजवळ पाऊण फेरा घालतेस तेव्हा प्रणाल येतो. तेच देऊळ पश्चिमेकडे बघत असेल तर चार पावलांत, पहिलंच वळण घेतलंस की येतो. तुला परवा कुठे वळवलं? लवकर की उशिरा? तेवढ्यावरून मला इथे बसून सांगता येईल की तुझ्या देवळाचं तोंड कुठे आहे. फोनमधलं होकायंत्र न काढता ओळखून बघ, मग पडताळून पाहा.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की आजीची ती सवय आणि दगडाचं ते बांधकाम वेगवेगळं नाहीच. देऊळ बांधणाऱ्याला पाणी कुठून बाहेर काढायचं हे गाभाऱ्याची जमीन घालण्याआधीच ठरवावं लागतं. नंतर भोक पाडणं सोपं नसतं, कारण आपल्याकडचा दगड म्हणजे काळा पाषाण, बसाल्ट. तो फोडायलाच दमवतो. म्हणजे माणसं कुठून चालतील, कुठे वळतील, हे त्या कारागिराने तेव्हाच आखून ठेवलं. आजी जिथे वळते ती जागा शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी दोरी लावून नक्की केलेली आहे.

हे खरं कळायचं असेल तर त्रिशुंड गणपतीला जा. आजीच्या घरापासून दहा मिनिटं, नागझरी ओढ्याच्या अंगाला. गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे वळायची अडचण नाही, पूर्ण फिर. या भागाला पूर्वी गोसावीपुरा म्हणत. गोसावी म्हणजे संन्यासी, पण त्यांच्यातले कितीतरी जण सावकारीही करत आणि त्यांच्याकडे पैसा होता. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसावींनी १७५४ मध्ये हे देऊळ बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. सोळा वर्षं! तू जन्मल्यापासून आत्तापर्यंत, आणि वर आणखी पाच वर्षं, कुणीतरी तिथे छिन्नी चालवत होतं.

पुण्यात पेशव्यांच्या वेळची देवळं तू पाहिलीस, त्यांच्यापेक्षा हे अगदी निराळं आहे. ती बहुतेक अशी असतात: दगडी गाभारा, पुढे लाकडी खांबांचा सभामंडप आणि वर विटा-चुन्यात उभं केलेलं शिखर, त्यात कोनाडे आणि कोनाड्यांत चुन्याच्या मूर्ती. तुळशीबागेतल्या रामाचं उंच शिखर आठव. कसब्याच्या गणपतीचा लाकडी मंडप आठव, तिथे तू खांबाला टेकून बसली होतीस. त्रिशुंडाला शिखरच नाही, ते झालंच नाही. तू विचारायचीस ना, की न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या बालाजीला एवढं मोठं गोपुर आणि आपल्या गणपतीला काहीच कसं नाही? त्रिशुंडाला वर बघायला काही नाही म्हणून लोक एक नजर टाकून पुढे जातात. तू जाऊ नकोस. इथलं सगळं भिंतीवर आहे.

दाराभोवती द्वारपाल, गजलक्ष्मी, हत्ती, माकडं. आणि एक गेंडा! साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याला बांधणारे बंदूकवाले गोरे शिपाई. देवळावर इंग्रज शिपाई कशाला, असा प्रश्न तुला पडणारच. सन बघ. १७५४ ला काम सुरू झालं आणि १७५७ मध्ये प्लासीला इंग्रजांनी बंगालच्या नवाबाला हरवलं. गेंडा आपल्या डोंगरांत नसतो, तो तिकडचा, बंगाल-आसामचा. म्हणून अनेक जण असा अर्थ लावतात की तो बांधलेला गेंडा म्हणजे इंग्रजांच्या हाती गेलेला पूर्वेचा मुलूख. मला हा अर्थ पटतो. गोसावी देशभर हिंडणारे लोक, त्यांच्यापाशी सगळीकडच्या बातम्या येत. पुण्यात पेशवाई भरात असताना एका देवळाच्या दर्शनी भिंतीवर कुणाला तरी ती बातमी कोरून ठेवावीशी वाटली. मी लहानपणी त्या गेंड्यापुढे इतका वेळ उभा राहायचो की आजोबा शेवटी खांद्याला धरून न्यायचे.

ते मला न्यायचे मागच्या भिंतीकडे. "पुढचं सगळे बघतात रे, मागे चल," म्हणायचे. मागे लिंगोद्भवाचं शिल्प आहे. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात मोठा कोण, असा वाद लागला तेव्हा मध्ये एक तेजाचा खांब उभा राहिला. त्याचं टोक शोधायला ब्रह्मा हंस होऊन वर उडाला आणि मूळ शोधायला विष्णू वराह होऊन खाली गेला. दोघांनाही काही सापडलं नाही, कारण तो खांब म्हणजे शंकर. गणपतीच्या देवळामागे शंकर कसा? हे मुळात शंकराचंच देऊळ करायचं मनात असावं, असं अभ्यासक म्हणतात. ते काहीही असो, इतकं सुंदर काम पाठच्या भिंतीवर का केलं याचं उत्तर मला आजोबांच्या मागून चालतानाच मिळालं. कारागिराला खात्री होती की माणूस पुढून नमस्कार करून निघून जाणार नाही, तो फिरून मागे येणार.

आत तीन सोंडांची, मोरावर बसलेली गणपतीची मूर्ती आहे. मोरावर! उंदीर का नाही, हे आजीला विचार, तिच्याकडे त्याची मोरगावची गोष्ट आहे. शिलालेख तीन आहेत. दोन संस्कृतात, देवनागरीत कोरलेले, आणि एक फारसीत. फारसी बघून दचकू नकोस, त्या काळी दरबाराच्या लिहिण्या-बोलण्यात ती सगळीकडे होती. आपण रोज म्हणतो ते जमीन, खुर्ची, बाजार हे शब्द तिकडूनच आले.

तळघराचं शेवटी सांगतो, कारण ते तुला सगळ्यात आवडेल. देवळाखाली तळघर आहे, तिथे गोसावी महाराजांची समाधी आहे. एरवी त्यात पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते काढतात आणि लोकांना खाली जाऊन दर्शन घेता येतं. तोवर तू पुण्यातच आहेस. आजीबरोबर सकाळी लवकर जा, पायऱ्या ओल्या असतात, तिचा हात सोडू नकोस. तू तिला धरायचंस, तिने तुला नाही. तिचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि ती ते बोलून दाखवणार नाही.

वेळ मिळाला तर जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरालाही काकाबरोबर जा. ते बांधलेलं देऊळच नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, अख्खा खडक आत आत कोरत नेला आणि नको तो दगड काढून टाकला. उरलं ते देऊळ. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे, चांगले जाडजूड खांब आणि वर छत्रीसारखं दगडी छप्पर, सगळं त्याच खडकातलं. रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत असतात आणि दोन पायऱ्या उतरलं की गार वाटतं. मी कॉलेजात असताना परीक्षेच्या आधी तिथे जाऊन बसायचो. काम अर्धवट राहिलेलं आहे, कोपऱ्यांत छिन्नीचे वार तसेच दिसतात. त्यांवरून बोट फिरवून बघ.

आजोबा गोमुखापाशी वळताना भिंतीला उजवा तळवा टेकवायचे, क्षणभर, आणि मग मागे फिरायचे. मी कधी विचारलं नाही का ते. मीही तसंच करतो. परवा आजीनेही केलं असेल, तू बघितलंस का?

त्रिशुंडाच्या मागच्या भिंतीवर हंस कुठे आणि वराह कुठे ते शोध आणि मला चित्र काढून पाठव. फोटो नको, चित्रच.

तुझा,
बाबा