नवरात्रात दोन दिवस कोल्हापूर, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि दोन मुलं: कसं प्लॅन करू?

उत्तर लिहिणार नव्हते, पण तुमच्या प्रश्नात "आईला रांगेतूनच नीट दर्शन घडवायचंय, लांबून नको" हे वाचलं आणि राहवेना. मी कोल्हापूरची, सासरही गावातच, त्यामुळं नवरात्रात आमचं घर म्हणजे धर्मशाळा.

आधी कामाचं सांगते. पुण्याहून गाडी आणली तर ती हॉटेलवर लावा आणि विसरून जा, अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर या दिवसांत गाड्या सोडत नाहीत. हॉटेल स्टेशन रोड नाहीतर दसरा चौकाच्या बाजूला बघा, रिक्षा नेईल तिथवर जायचं, पुढं चालायचं. मुलांना न्यू पॅलेसचं म्युझियम, संध्याकाळी रंकाळा, बास. पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर आहे म्हणून दोन दिवसांत तोही कोंबू नका. मटणाचं म्हणाल तर आमच्यात घट उठेपर्यंत शिजत नाही, हॉटेलात मिळतं.

आता दर्शन. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, लांबून समोरून देवी दिसते आणि रांग भराभर सरकते. वयस्कर माणसांना तेच करा. यावर मी माझ्या सख्ख्या भावाशी भांडलेय आणि अजून भांडतेय.

काही वर्षांपूर्वी ललिता पंचमी आणि शुक्रवार एकाच दिवशी आले होते. दादा-वहिनी आईला घेऊन ठाण्याहून आले. पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते ते आईला बघायचं होतं. माहीत नसेल तर, विजयाच्या सोहळ्याला त्र्यंबोलीला, म्हणजे या टेंबलाईलाच, बोलवायचं राहिलं म्हणून ती रुसून टेकडीवर शहराकडं पाठ करून बसली, आणि अंबाबाई दरवर्षी स्वतः जाते तिचा रुसवा काढायला. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि मग त्याचा तुकडा मिळावा म्हणून लोकांची जी झुंबड उडते ती बघण्यासारखी, म्हणजे लांबून बघण्यासारखी. तर मी म्हटलं सकाळी मुखदर्शन उरकू आणि टेंबलाईकडं सुटू. दादा म्हणाला, एवढ्या लांबून येऊन मुखदर्शन? ते काय दर्शन असतं होय? आईला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही ठरवा.

लागलो रांगेत. पहिला तास बरा गेला. मग ऊन चढलं, रांग जागची हलेना, मागच्या बाईच्या पिशवीतला नारळ माझ्या पाठीत रुतत होता. आईनं ओटीची पिशवी छातीशी धरली होती, खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. घामानं कुंकवाची पुडी भिजून फुटली आणि तिचा अख्खा तळवा लाल झाला, पण तिनं पिशवी काही माझ्याकडं दिली नाही. तीन तासांनी ती खाली बसली. चक्कर. पुढच्या एका मावशींनी पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचा लाडू दिला, वहिनी पदरानं वारा घालत होती, मी दादाकडं बघितलं, दादा बॅरिकेडकडं. गंमत म्हणजे तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर टेंबलाईचं लाइव्ह चालू होतं, कोहळा फुटलासुद्धा. पालखी गावाबाहेर आणि आम्ही देवळाबाहेर.

आई उठली आणि दर्शन घेऊनच बाहेर आली. पंचमीला देवीची पूजा हत्तीवर बसलेल्या रूपात बांधतात, तर बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, "हत्तीवर बसलीय, बघितलंस का?" मला धड काही दिसलं नव्हतं, मी तिला सावरत होते. रात्री गुडघे एवढे सुजले की दोघींनी धरून उठवावं लागलं. आणि दादा आजही घरात काही कार्य निघालं की सगळ्यांसमोर म्हणतो, दिवस हिनंच निवडला होता.

बरं, दिवस मीच निवडला होता. पंचमी आणि शुक्रवार एकत्र म्हणजे काय होणार हे गावात राहून मला कळायला हवं होतं. पण रांग त्यानं निवडली! तर तुम्ही पंचमी, अष्टमी, शुक्रवार आणि शनिवार-रविवार टाळून या. अष्टमीला रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, सुरेख असतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही घेऊन त्या गर्दीत नको. दसऱ्याला येणार असाल तर दसरा चौकातलं सोनं लुटणं चुकवू नका, छत्रपतींच्या घराण्यातली माणसं जुन्या मेबॅक गाडीतून येतात, मुलं खूश होतील. तिथंही वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन आई-बाबांना बसायला जागा धरावी लागते.

आणि आईला स्वतःला रांगेतच उभं राहायचं असेल तर मात्र मी काही बोलणार नाही, फक्त "तुम्ही ठरवा" हे उत्तर धरू नका. आमची आई परवा फोनवर विचारत होती, यंदा पंचमी कुठल्या वारी आहे गं. दादाला काही बोलू नकोस म्हणाली.

ट्रेनचं राहिलंच. पुणे-कोल्हापूर वंदे भारत 2024 पासून सुरू आहे, पण ती रोज नसते, वार बघून बुकिंग करा. आणि छत्र्या घ्या, नवरात्रात आमच्याकडं पावसाचा नेम नसतो.