वाचकांचे प्रश्न : सिनेमा संपल्यावर काय विचारायचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीतले आम्ही नऊ निवृत्त लोक महिन्यातून एकदा क्लब हाउसमध्ये सिनेमा बघतो. ‘आता पुढे कशासाठी जगायचं’ यावर बोलावं, हा मूळ हेतू. पण गप्पा अभिनय, गाणी आणि ‘पूर्वीचे सिनेमे’ यांतच संपतात. काय चुकतंय?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : एक तर वेळ चुकते. अडीच तास बसून झाल्यावर प्रत्येकाला जेवणाचे वेध लागलेले असतात. सिनेमा ज्याने-त्याने आधी घरीच बघावा आणि जमायचं ते सव्वा तास फक्त बोलायला. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते, हॉलमध्ये लावायचं तर हक्कदाराची परवानगी लागते. ती कटकटही यात टळते.

दुसरं, प्रश्न चुकतो. ‘कसा वाटला?’ विचारलं की समीक्षा सुरू होते, ‘संदेश काय?’ विचारलं की प्रवचन. त्यापेक्षा पात्राचा एकच निर्णय उचला. त्याने काय निवडलं, त्यासाठी काय सोडलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे याच क्रमाने विचारा.

‘उंबरठा’ (१९८२) घ्या. सुलभा लहान मुलीला घरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. ‘बरोबर की चूक’ या वळणावर गेलात तर दहा मिनिटांत दोन तट पडतील. म्हणून किंमतीपाशी थांबा : मुलीने काय मोजलं, नवऱ्याने काय, आणि ती गेलीच नसती तर सुधारगृहातल्या बायकांनी काय मोजलं असतं? पुढच्या महिन्यात ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) ठेवा. फाळके सिनेमापायी घरातलं सामान विकतात आणि आपण खुशाल हसतो. संसार दोन्हीकडे पणाला लागलाय, मग सुलभाचा जाब मागावासा वाटतो आणि फाळक्यांचं कौतुक, असं का? आमच्या मते निवृत्तांच्या गटाला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही, कारण त्याचं उत्तर देताना स्वतःचा संसार आठवतोच.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, उत्तरं कागदावर लिहायची. हे टाळलंत तर जो पहिल्यांदा बोलेल त्याचीच री सगळे ओढतात. मग प्रत्येकी तीन मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. त्यानंतर अर्धा तास मोकळी चर्चा. शेवटची दहा मिनिटं ‘गेल्या आठवड्यात माझे तास कुठे गेले?’ हे स्वतःपुरतं लिहायचं. ते वाचून दाखवायचं नाही, नाहीतर लोक खरं लिहीत नाहीत. कोणी मनातलं दुखणं बोललं तर विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. एकदा सल्ल्यांचा भडिमार झाला की तो माणूस पुन्हा येत नाही.

प्रश्न : वय २७, नेरूळहून रोज महापेला आयटी कंपनीत जातो. ‘स्वदेस’ (२००४) बघितला की नोकरी सोडून गावी जावंसं वाटतं. सोमवारी सगळं विरतं. माझ्यातच काही कमी आहे का?
— नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘इकिरू’ या सिनेमात (१९५२) नेमकं हेच आहे. वातानाबे हा पालिकेतला कारकुनी साहेब, पोटाचा कॅन्सर झालाय, मरण्याआधी तो मुलांसाठी बाग करवून घेतो. सिनेमाचा जवळपास शेवटचा तिसरा हिस्सा त्याच्या मृत्यूनंतरचा आहे : सहकारी साके (जपानी दारू) पिऊन ‘आम्हीही असंच काम करू’ म्हणून शपथा घेतात आणि नंतर कचेरीत अर्ज पुन्हा दुसऱ्या खात्याकडे ढकलतात. वातानाबेने मात्र नोकरी सोडलेली नाही. टेबलांवरून फिरत राहिलेल्या बागेच्या अर्जाचा त्याने पाठपुरावा केला.

तुमची गफलत अशी की तुम्ही नायकाचा शेवट उचलताय. त्याऐवजी तुम्हाला टोचलेला क्षण शोधा आणि सिनेमा संपल्यापासून चोवीस तासांत एका ओळीत लिहा. समजा, ‘स्वदेस’मधला स्टेशनवर पाणी विकणारा मुलगा टोचला. तर त्यात काय लागलं : पाणी, त्या मुलाची शाळा, की नायक मोहनने इतके दिवस बाटलीतलंच पाणी पिणं? तिन्हींतून निघणारी कामं वेगवेगळी. त्यातलं एक निवडून आठवड्याला दोन तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, सहा आठवडे करा. शाळा लागली असेल तर शनिवारी जवळच्या वस्तीत एका मुलाचं गणित घ्या. तोवर राजीनामा लिहू नका. सहा आठवड्यांत कंटाळलात तर निवड चुकली, दुसरं काम धरा.

मात्र दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर सिनेमा बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : मालिकांवर असं बोलता येईल का?
— सानपाडा, नवी मुंबई

उत्तर : रोजच्या कौटुंबिक मालिकांवर अवघड. मालिका चालेल तशी वाढते, त्यासोबत पात्राला हवं ते बदलतं आणि निर्णयाची किंमत कधी ठरतच नाही. चरित्रपर मालिका बरी. रमाबाई रानड्यांवरच्या ‘उंच माझा झोका’मधला त्यांच्या शिकण्याला घरातून झालेल्या विरोधाचा एखादा भाग निवडा आणि त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मधली तीच हकिगत वाचा. पुस्तकासाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. फक्त मालिका आधी, पुस्तक नंतर. उलट केलंत तर सगळा वेळ मालिकेतल्या चुका काढण्यात जातो.