सहा सह्या

अगं पोरी,

तुझा मेल तीनदा वाचला. चाळीस फोटो पण बघितले आणि खरं सांगू, वैतागलो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्या वस्तूसमोर उभं राहून तू मला विचारतेस, सर हे इस्लामिक म्हणू की फ्रेंच, प्रबंधात कुठल्या प्रकरणात टाकू. प्रकरण नंतर बघू गं. आधी ते घंगाळ आहे. पितळेचं, अर्ध्या मीटरच्या तोंडाचं, चांदी-सोनं ठोकून बसवलेलं घंगाळ. तू ते काढलंस का? पेन्सिलने, वहीत?

नाही काढलंस. फोटोंवरून कळतं, पाट्यांचेच नऊ आहेत.

पाटीवर काय, तर ‘संत लुईचं बाप्तिस्मापात्र’. संत लुई, म्हणजे फ्रान्सचा राजा नववा लुई, वारला १२७० ला, आणि हे घडलं साधारण १३२० ते १३४० च्या दरम्यान, इजिप्त-सीरियातल्या मामलुक सुलतानांच्या राज्यात. तेराव्या लुईचा बाप्तिस्मा १६०६ ला यात झाला हे खरं, फ्रेंच राजचिन्हं पण नंतर त्यावर चढवली, पण ज्याचं नाव लागलंय त्याने ते कधी बघितलेलंच नाही! आणि तू त्या नावावरून वस्तू ओळखायला निघालीस. आधी काढ, मग नाव दे. हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय.

घडवणाऱ्याने तर नाव लिहून ठेवलंय, मुहम्मद इब्न अल-झैन, एकदा नाही सहा वेळा. एक सही काठाखाली रीतसर, आणि बाकीच्या पाच त्याने चित्रातच लपवल्यात, दरबाऱ्यांच्या हातातली भांडी, सिंहासन असल्या बारक्या जागी. तुझ्या चाळीस फोटोंत मला एक धड दिसली. फोटो काढताना डोळा पुढे पळतो, रेघ ओढताना थांबावंच लागतं, म्हणून काढ म्हणतो.

मी हे शहाणपणाने बोलत नाहीये. संग्रहालयात नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एक बिदरी, म्हणजे काळ्या धातूत चांदी बसवलेलं, हुक्क्याचं बूड होतं, जुन्या रजिस्टरात एका ओळीचं वर्णन, तेच मी सुवाच्य अक्षरात नव्या कार्डावर उतरवलं आणि सही ठोकली. अकरा वर्षांनी एका विद्यार्थिनीने स्केच करायचं म्हणून ते उलटं केलं तर तळाला फारसीत वजन खरवडलेलं. अकरा वर्षं! रोज त्याच कपाटाची किल्ली माझ्या खिशात. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

त्यानंतर एक वस्तू हातात घ्यायची तर आधी कागद. बिदरला जाऊन कारागिरांच्या शेजारी बसलो. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात म्हणजे कोरलेली रेघ दिसते, खाचेत चांदी ठोकतात, आणि शेवटी किल्ल्यातली माती नि नवसागर चोळला की जस्त काळंकुट्ट, चांदी तशीच पांढरी. हे डोक्यात असल्यावर तुझ्या सतराव्या फोटोत चांदी गळालेली जागा मला लगेच दिसली. किल्ल्यातली माती तिथे नाही, धातू वेगळा, पण चांदी धरून ठेवायची युक्ती भाऊबंदच. त्या उघड्या पडलेल्या खाचेजवळ तू गेलीस का? तिथे कारागिराचा हात दिसतो, फ्रेंच का अरबी ते राहू दे.

लोक म्हणायचे हा माणूस चित्रं काढत बसतो, कॅटलॉग कधी संपवणार. नाही संपवला. बढती पण गेली, सेमिनारला गेलो नाही, पीएचडी अर्धवट. पण सदतीस वह्या आहेत माझ्याकडे आणि त्यातल्या एकाही वस्तूबद्दल मी कधी... जाऊ दे, हे तुझ्यासाठी लिहितोय, माझी बाजू मांडायला नाही.

तू थकलीयस हे कळतंय मला. परका देश, गाईड बाई रोज नवीन थिअरी सांगतात. जेवतेस ना नीट? पण सिनॉप्सिस पंधरा दिवस बाजूला ठेव, मी बाईंना लिहितो हवं तर.

मंगळवारी लूव्र बंद असतं, शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडं. शुक्रवारी जा, एचबी पेन्सिल आणि साधी वही घे, फोन बॅगेत. आधी बाहेरचे घोडेस्वार, मग वाकून आतला तळ, तिथे मासे, खेकडे, कासवं नुसती गर्दी करून आहेत, ती मोजत मोजत काढ. आणि राहिलेल्या पाच सह्या कुठेकुठे आहेत ते मला कळव. फोटो पाठवू नकोस, वहीची पानं पाठव.