चक्कर तपासण्याचं काम: हे नुसतं मशिन चालवणं नाही

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. आजींना कूस बदलली की गरगरायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेल्यावर डोळ्यांवर काळा गॉगल चढवून तपासणी झाली आणि दोष कानात निघाला. सोबत गेलेली तुमची मुलगी, आता बारावी सायन्सला, म्हणते की मला हेच काम शिकायचंय. तुम्हाला वाटतं, हे टेक्निशियनचं काम. त्यासाठी चार वर्षं कशाला घालवायची, एखादा छोटा कोर्स पुरेल.

आधी ती तपासणी काय असते ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं हललं तरी नजर स्थिर राहावी म्हणून त्यांची डोळ्यांशी थेट जोडणी असते. म्हणून कानाचा दोष बुबुळांत दिसतो. आजींचं डोकं एका बाजूला वळवून त्यांना झटकन मागे निजवलं असणार. नलिकेत कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटे झाले असतील, तर काही सेकंदांत बुबुळं ठरावीक दिशेला झटके देऊ लागतात आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबतात. कोणत्या दिशेला, किती उशिराने, किती वेळ, यावरून कोणत्या कानाची कोणती नलिका हे कळतं. ते बरोबर ओळखलं, तर डोकं क्रमाने फिरवून कण जागेवर आणता येतात. पुष्कळांना तेवढ्यानेच उतार पडतो.

दुसरी तपासणी कॅलोरिक. कानात ३० आणि मग ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा ७ अंश खाली आणि ७ अंश वर. दोन्ही कानांचा प्रतिसाद ताडून पाहतात. ही प्रतिक्रिया उलगडून सांगणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४चं नोबेल मिळालं. या वेळी पेशंटला खरोखर गरगरतं, आणि तो गुंगीत गेला तर प्रतिसाद मंदावतो. म्हणून तपासणाऱ्याला त्याला बोलतं ठेवावं लागतं: "काकू, पुण्याहून कोल्हापूरला जाताना कोणकोणती गावं लागतात, सांगा बरं." एकीकडे पडद्यावर नजर, दुसरीकडे घाबरलेल्या माणसाला धीर. मशिन बुबुळांच्या हालचालींचा आलेख काढतं, पण तो खरा की पेशंटने डोळे मिटल्यामुळे बिघडलेला, हे माणसालाच ठरवावं लागतं. डावीकडे पाहिलं की डावीकडे आणि उजवीकडे पाहिलं की उजवीकडे झटके दिसले, तर दोष कानाऐवजी मेंदूत असण्याची शंका घ्यायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. हे छोट्या कोर्सने येत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: तिने बीएएसएलपी करावं. ऑडिओलॉजी (श्रवण आणि तोल यांचं शास्त्र) आणि वाचा-भाषा उपचार यांची ही पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षांची. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी लागते. तिच्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, ही नावं पाहून ठेवा. राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशांना नीटचे गुण लागतात. काही संस्थांची प्रक्रिया वेगळी असते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

एक गोष्ट मात्र तिला आत्ताच सांगा. पदवीत चक्करेचा भाग थोडाच असतो. बहुतेक दिवस श्रवण तपासणी, श्रवणयंत्रं आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांसोबत जातील. तोलाच्या तपासणीत मुरायचं असेल, तर पुढे दोन वर्षांचं एमएस्सी ऑडिओलॉजी आणि अशा तपासण्या रोज होतात अशा विभागात काम, हे दोन्ही हवं. तालुक्याच्या गावी फक्त चक्करेच्या पेशंटवर दवाखाना चालणं अवघड. श्रवणयंत्रांच्या जोडीने मात्र चालू शकतो, आणि चक्करेला नुसत्या गोळ्या घेत वर्षं काढणारी माणसं अशा गावांतच जास्त भेटतात. मला तिची निवड आवडली ती यासाठीच.

परीक्षा संपली की आजींच्या डॉक्टरांना विचारून तिला तिथल्या ऑडिओलॉजिस्टजवळ, पेशंटची परवानगी घेऊन, दोन-चार दिवस बसू द्या. लहान मुलाची श्रवण तपासणी आणि श्रवणयंत्र बसवणं मुद्दाम पाहायला सांगा. तेही मनापासून आवडलं, तर अर्ज भरा.