गोव्याच्या दमट हवेत संग्रहालयाचं कोठार लोकांना खुलं करता येईल का?

हो, करता येईल, पण वेळ ठरवून आणि छोट्या गटांनी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाने २०२१ साली दीड लाखांहून अधिक वस्तूंचं अख्खं कोठारच खुलं केलं. तिथे वस्तू कोणत्या काळातली यापेक्षा तिला कशी हवा मानवते, हे पाहून दालनं केली आहेत. गोव्यात हेच कळीचं. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की लाकडी मूर्तीवर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात माणसं भिजलेल्या कपड्यांसोबत ओल आत आणतात. म्हणून जहाजं कोरलेले कदंब राजवटीतले वीरगळ (वीरांच्या स्मरणशिळा), पाषाणमूर्ती आधी दाखवाव्यात. पोथ्या, रंगवलेलं लाकूड काचेआडूनच. मात्र प्रत्येक वस्तूची नोंद आणि फोटो पूर्ण झाल्याशिवाय कुलूप काढू नये.