छोट्या चेनसॉला मोठा बार बसेल का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार काका. माझ्याकडे छोटी पेट्रोल चेनसॉ आहे, ३५ सीसीच्या आसपास, १४ इंची बारवाली (बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी). २०२० च्या निसर्ग वादळात बागेतली कलमं आडवी झाली तेव्हा घेतली होती, आजपर्यंत काही तक्रार नाही. आता बार झिजलाय आणि चेनही संपत आलीय. पण आमच्या बाजारात माझ्या साइजची चेन मिळतच नाही, जिकडे बघावं तिकडे ५८ सीसीच्या मशीनची १८ इंची बार-चेन लटकलेली, आणि तीही स्वस्तात. दुकानदार म्हणतो बारचं भोक जरा कानसून मोठं केलं की बसतो. चेन आणून जुन्या बारवर चढवून बघितली तर ती खाचेत उतरेचना. बार पण बदलला की होईल का? आणि १८ इंची मिळाला तर जाड खोडंही एका दमात कापता येतील ना? (एक बागायतदार, लांजा)

उत्तर: दादा, चेन खाचेत उतरली नाही हे फार बरं झालं, उतरली असती तर तुम्ही मशीन चालू करून बघितलं असतं आणि मग नुकसान नुसतं चेनपुरतं राहिलं नसतं. आधी ती का उतरली नाही ते सांगतो, त्यातच बाकीचं उत्तर आहे.

चेनची तीन मापं असतात आणि त्यात बारचे इंच कुठेच येत नाहीत. पहिलं पिच. चेनवरचे लागोपाठ तीन रिवेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्याचं निम्मं करा, ते पिच. दोनच रिवेट मोजून चालत नाही कारण सगळी अंतरं सारखी नसतात. निम्मं करायच्या आधी साधारण १९ मिमी भरलं तर ती ३/८ इंच पिचची चेन, साडेसोळा भरलं तर पॉइंट ३२५ इंच पिचची. तुमच्या मशीनवर बहुतेक ३/८ लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची, चेन असणार, आणि बाजारात लटकतेय ती पॉइंट ३२५. दुसरं गेज, म्हणजे बारच्या खाचेत जी लिंक उतरते तिची जाडी. तुमची बहुतेक १.३ मिमी असेल आणि ५८ सीसीवाली १.५ मिमी, म्हणून ती उतरेना, खाचच अरुंद आहे. तिसरं म्हणजे खाचेत उतरणाऱ्या त्या लिंकांची संख्या. ही प्रत्येकाने स्वतः बसून मोजायची, खडूने एका लिंकवर खूण करायची आणि मोजत सुटायचं. कारण १४ इंची म्हणून एका कंपनीच्या बारला ५० लिंक लागतात, दुसऱ्याच्या १४ इंचीलाच ५२. दुकानात जाऊन नुसतं “चौदा इंची द्या” म्हणणाऱ्याच्या हातात चुकीची चेन पडते ती इथेच.

आता बार पण बदलला तर? तर अजून दोन गोष्टी राहतात. बारच्या टोकाला एक छोटी चाकी असते, तिचे दातही त्या पिचचेच असतात, आणि मशीनच्या आत क्लचच्या ड्रमवर जो स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चक्र, असतो तोही त्या पिचचाच. म्हणजे स्प्रॉकेट, चेन आणि बारचं टोक ही तिन्ही एकाच कुळातली हवीत. ३/८ च्या स्प्रॉकेटवर पॉइंट ३२५ ची चेन चढवली की हाताने फिरवताना बसल्यासारखी वाटते पण लिंक दातांच्या मध्ये पूर्ण खाली बसत नाहीत, टोकांवरून उड्या मारत जातात, स्प्रॉकेट खातात, लिंक खातात आणि शेवटी चेन तुटते. तुटलेल्या चेनचा तुकडा उडतो त्याचा वेग डोळ्याला दिसत नाही, म्हणून चेनच्या रेषेत कधीच कोणी उभं राहू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नका.

म्हणजे खरं रूपांतर करायचं तर बार, चेन आणि स्प्रॉकेट तिन्ही बदलायचे. स्प्रॉकेट दोन प्रकारचे येतात. एकात ड्रमवर फक्त एक रिंग सरकवलेली असते, तिथे काम सोपं, रिंग बदलली की झालं. पण छोट्या मशीनवर बहुतेक वेळा दात ड्रमलाच जोडलेले असतात, तिथे अख्खा ड्रम बदलावा लागतो, आणि तुमच्या मॉडेलला पॉइंट ३२५ चा ड्रम मुळात निघतो का हे पैसे घालवायच्या आधी बघा. नुसते दात आणि आतलं बेअरिंग जुळून भागत नाही, बऱ्याच मशीनमध्ये ऑइल पंप त्या ड्रमवरूनच फिरतो, त्याची खाच जुळली नाही तर चेन फिरेल पण तेल येणार नाही. ड्रम काढताना क्लच बाहेरच्या बाजूला असेल तर त्याचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पिस्टन अडवायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवा, पिस्टन दोरीवर टेकतो आणि कुठेही ओरखडा जात नाही.

आणि भोक कानसण्याबद्दल, ते अजिबात करू नका. बारच्या मागच्या बाजूला बोल्टची लांब खाच, चेन ताणायच्या पिनचं भोक आणि तेलाचं भोक अशी तीन ठिकाणं असतात आणि ती मशीनप्रमाणे बदलतात. खाच कानसून बार बोल्टवर बसवता येतो, मी स्वतः अशी मशीन दुरुस्तीला आलेली बघितलीय, पण तेलाचं भोक मशीनच्या तेलाच्या वाटेसमोर आलंच नव्हतं. बार निळा पडला होता, त्याची धार एका बाजूला दुमडली होती आणि मालक म्हणत होता की चेन खराब दिलीय. चेनचा काही दोष नव्हता हो, तिला तेलाचा थेंब मिळाला नव्हता. बार कुठलाही बसवा, नवा-जुना, तो बसवल्यावर कोरड्या फिकट लाकडासमोर टोक वीतभर अंतरावर धरून रेस करायचं, लाकडावर तेलाची बारीक रेघ उठली तरच कापायला सुरुवात करायची. आणि तेल म्हणून गाडीतून काढलेलं काळं ऑइल ओतू नका, त्यात धातूचा कीस असतो तो बारला घासतो, आणि तेच काळं पाणी तुमच्या हाताला आणि बागेच्या मातीला लागतं. बार ऑइल नाही मिळालं तर साधं नवीन इंजिन ऑइल घाला.

समजा ड्रम मिळाला, बार पण तुमच्या मशीनच्या खाचेचा मिळाला, तरी मी १८ इंचीला नाहीच म्हणेन, आणि त्याचा हिशोब बघा. ५८ सीसीच्या १८ इंचीला ७२ लिंक असतात, एका लिंकला साडेसोळा मिमी धरले तर चेन जवळजवळ ११९ सेंमी होते. तुमची ५२ लिंकची चेन ९९ सेंमी. म्हणजे तेच छोटं इंजिन जवळपास वीतभर जास्त चेन ओढणार, वर ती चेन जाड, तिचा कट रुंद, आणि लाकडात एका वेळी दातही जास्त. वेग वाढेल म्हणाल तर तोही वाढत नाही. ३/८ च्या ६ दातांच्या स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात चेन ११४ मिमी सरकते, पॉइंट ३२५ च्या ७ दातांच्या फेऱ्यात ११५.५, फरक मिमी-दीड मिमीचा. मग मिळालं काय, फक्त ओझं. इंजिन दबतं, माणूस जोर लावतो, क्लच घसरून तापतो, आणि तेलाचा पंप छोट्या बारच्या हिशोबाचा असल्यामुळे टोकाकडे कोरडं पडतं. मशीनचं तोंडही जड होतं, संध्याकाळी मनगट सांगतं.

जाड खोडाचं म्हणाल तर आडव्या पडलेल्या खोडाला १४ इंची बार दोन्ही बाजूंनी लावला की २४ इंचापर्यंतचं खोड सहज निघतं, वेळ थोडा जास्त जातो एवढंच. त्याहून जाड खोडं वर्षातून एखादंच येत असेल तर त्या दिवसापुरती मोठी मशीन भाड्याने बोलवा.

माझा सल्ला असा, जुन्या चेनवरची मापं कागदावर लिहा, लिंकच्या पोटावर बारीक आकडा कोरलेला असतो तोही लिहा. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर ९१ असेल तर ती ३/८ लो प्रोफाइल १.३ मिमी आणि २१ असेल तर पॉइंट ३२५, १.५ मिमी. स्टील (Stihl) कंपनीच्या चेनवर खालच्या लिंकवर ३ असेल तर गेज १.३, ५ असेल तर १.५, १ असेल तर १.१. मग ह्या मापाने एक बार, दोन-तीन चेन आणि एक स्प्रॉकेट एकदमच मागवून ठेवा, तालुक्यात नाही मिळाल्या तर कोल्हापूर-पुण्याच्या डीलरकडून कुरिअरने येतात. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदलायचाच, त्याच्या दातांत अर्धा मिमी खोल चर पडला असेल तर नवीन चेन त्यावर चढवणं म्हणजे नवीन चेनचं आयुष्य कापणं. आणि जास्त काम फांद्यांचंच असेल तर मोठा नको, उलट १२ इंची घ्या. हे रूपांतर मी आनंदाने सुचवतो, स्प्रॉकेट तोच, पिच तोच, फक्त लिंक कमी, आणि मशीन अशी हलकी होते की झाडाच्या बुंध्याशी वाकून काम करणाऱ्याला लगेच कळतं.

प्रश्न: नवीन बार-चेन टाकल्यापासून कट सरळ जातच नाही, अर्धचंद्रासारखा वळतो. कारागीर म्हणतो चेनला धार नाही. चेन तर नवी कोरी आहे. (चिपळूण)

उत्तर: धार असलेली चेन वळते तेव्हा मी आधी गेजवर संशय घेतो. बार १.५ चा आणि चेन १.३ ची असेल तर ती आरामात आत उतरते, म्हणून चूक कळतच नाही, पण खाचेत दोन दशांश मिमी मोकळी राहते आणि कापताना एका अंगाला कलते. मशीन बंद करून, प्लगची टोपी काढून, हातमोजे घालून चेन बाजूला हलवून बघा, मोकळी डुलत असेल तर हेच. बारवर गेज छापलेलं असतं ते चेनशी ताडून बघा.

गेज जुळत असेल आणि चेन बसवल्यावर एकदा तरी घासली असेल तर मग कानसेकडे या. पिच बदललं की कानसही बदलते हे सांगायला दुकानदार विसरतात. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी गोल कानस, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत सव्वा सूत, आणि पॉइंट ३२५ ला ४.८ मिमी, म्हणजे दीड सूत. जुन्याच कानसेने नव्या पिचची चेन घासली तर दाताचा आकार बिघडतो, आणि उजव्या हाताच्या माणसाकडून एका बाजूचे दात जास्त घासले जातात ते वेगळंच. दोन्ही बाजूंचे दात लांबीला सारखे हवेत, सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा.

प्रश्न: काका, मी सावंतवाडीला लाकडाची कामं करतो, वादळात पडलेल्या फणसाच्या मुळांपासून बैठका आणि मूर्ती. आता मोठा कीस लवकर काढायला चेन वापरावी म्हणतो. ग्राइंडरला लावायचं चेनसॉ किट स्वस्त आहे ते घेऊ की माझ्या छोट्या चेनसॉला कार्व्हिंग (कोरीवकामाचा) बार लावू?

उत्तर: किट नको, कृपा करून नको. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, त्या वेगाची चेन तुमच्या हातात येते आणि तिला चेन ब्रेक नाही, पुढच्या हाताला आडोसा नाही, पंपाने मिळणारं तेल नाही. ग्राइंडरचा सरकवायचा स्विच तर हात सुटला तरी चालूच राहतो. चेनसॉमध्ये मशीन उसळली की हात पुढच्या आडोशाला लागून ब्रेक पडतो, ती सोय कोणीतरी विचार करून दिलेली आहे, ती काढून टाकू नका.

कार्व्हिंग बार मात्र उत्तम, आणि छोट्या मशीनचं रूपांतर शोभतं ते इथेच. ह्या बारचं टोक अगदी चिंचोळं असतं, त्याची नावं अमेरिकन नाण्यांवरून पडलीयत, डाइम टिप आणि क्वार्टर टिप. डाइमचा व्यास १८ मिमीच्या जरा आत, क्वार्टरचा २४ मिमीच्या जरा वर. तुम्हाला सुरुवातीला क्वार्टर घ्या म्हणेन, ते कमी झिजतं आणि कमी तापतं. उसळी बसते ती टोकाच्या वरच्या पाव भागाचा लाकडाला धक्का लागला की, आणि टोक जितकं छोटं तितका तो झटका कमी, म्हणूनच मूर्तीचं काम टोकाने करता येतं, साध्या बारच्या टोकाने ते कधीच करू नये.

इतक्या चिंचोळ्या टोकावरून जायला चेन १/४ पिचची लागते, म्हणजे तीन रिवेटमध्ये १२.७ मिमी, आणि स्प्रॉकेट ८ दातांचा. तो ६ दातांच्या ३/८ पेक्षा फेऱ्याला १०२ मिमीच चेन सरकवतो, पण दात बारीक आणि जवळजवळ असल्यामुळे फणसासारख्या लाकडात कट गुळगुळीत येतो, मागाहून पटाशीचं काम वाचतं. तुमच्या मशीनला १/४ चा ड्रम मिळतो का ते आधी विचारा, मग बार, सगळ्यात शेवटी चेन, कारण लिंकांची संख्या बार हातात आल्यावरच पक्की होते. कोणी लांब चेन कापून छन्नी-हातोडीने रिवेट ठोकून देतो म्हणाला तर घेऊ नका, तो सांधा एकतर आवळतो नाहीतर सुटतो, रिवेट फिरवून बसवायचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करून घ्या. ह्या बारच्या टोकाला चाकी नसते, चेन कडक धातूवरून घासत जाते, त्यामुळे चेन नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा, तेल जास्त सोडा, आणि टाकी भरायला थांबाल तेव्हा बारवर तेल येतंय ना ते बघूनच पुढचा घाव घाला.