चार महिन्यांत जीभ सुटेल का?

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी. सध्या पुण्यात एम.ए. जर्मनच्या पहिल्या वर्षाला आहे, जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा झाली आहे. आमच्या विभागाचा एका जर्मन विद्यापीठाशी करार आहे, त्यातून एक सत्र तिकडे करता येतं. हिवाळ्यात जाऊ की उन्हाळ्यात? वडिलांचे चार यंत्रमाग आहेत. व्हिसासाठी सहा लाख रुपये दाखवावे लागतात म्हटल्यावर ते गप्पच झाले. आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. लिहिते मी बरं, पण बोलताना नामाचं लिंग दाखवणारे ‘देर, दी, दास’ आणि शेवटी जाणारं क्रियापद सांभाळता सांभाळता घाम फुटतो. एवढा पैसा घालून तिथेही गप्प राहिले तर?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आधी तारखा मांडू. जर्मनीत हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण तास भरतात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि तास जुलैत संपतात. उन्हाळ्यात गेलीस तर इथली एप्रिल-मेची परीक्षा आडवी येते. हिवाळ्यात गेलीस तर तिसरं सत्र तिकडे होईल आणि चौथ्याचे पहिले काही आठवडे बुडतील. तरी मी हिवाळाच सांगेन. ऑक्टोबरात तिथे निम्मी मुलं तुझ्यासारखीच नवी असतात, ओळखी तेव्हाच होतात. डिसेंबरात मात्र उजेड जेमतेम आठ तास, साडेचारला अंधार. आणि जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्रा चुकेल.

मी १९९४ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ट्युबिंगेनला शिकायला गेले. ‘तिकडचे गुण इथे धरू’ असं मला तोंडी सांगितलं होतं आणि त्या शब्दावर मी निघाले. परत आल्यावर तो शब्द कोणालाच आठवेना. गुण धरले नाहीत, वर्ष गेलं. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, तेच जास्त लागलं. म्हणून तुला कळकळीने सांगते : कोणता विषय तिकडे घेणार, त्याबदल्यात इथला कोणता सुटणार आणि किती क्रेडिट मिळणार, याचा कागद दोन्हीकडच्या सह्यांनिशी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस. तिथे पूर्ण सत्र ३० क्रेडिटचं धरतात, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. तेवढी घेऊ नकोस. इथल्या नियमात बसत असेल तर वीसच घे, त्यांचाही कस लागेल. विभागप्रमुखांना आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेव. सेमिनारचा लेखी निबंध, ज्याला ते ‘हाउसआर्बाइट’ म्हणतात, बहुतेक वेळा तास संपल्यावर मार्चमध्ये द्यायचा असतो. तो तपासून गुणपत्रक यायला आणखी काही आठवडे जातात. तेवढ्यासाठी तुझा निकाल अडायला नको.

पासपोर्ट नसेल तर या सुट्टीत सोलापुरातच, टपाल खात्याच्या पासपोर्ट केंद्रात अर्ज कर. त्याआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ताडून बघ. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांची तीन कागदांवर तीन रूपं मी कितीदा पाहिली आहेत. मुक्काम ९० दिवसांच्या वर जाणार, म्हणून पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालणार नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागेल.

आता वडिलांशी बोलायचं ते. सप्टेंबर २०२४ पासून खर्चाची तरतूद म्हणून महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२. युरोला शंभर रुपये धरले तर सहा लाखांच्या आसपास. पण ही फी नव्हे, हे त्यांना नीट समजावून सांग. पैसे तुझ्याच नावावर ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये राहतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ता तुझ्या हातात येतो. खोलीभाडं, जेवण, महिना दीडशे युरोच्या आसपासचा आरोग्यविमा, सगळं त्यातूनच भागवायचं. शिष्यवृत्ती मिळाली तर तिचं पत्र या तरतुदीत धरलं जातं, म्हणून अर्ज आधी तिचा कर. करारातून जाणाऱ्यांना तिथलं शिक्षणशुल्क सहसा माफ असतं, फक्त सत्रवर्गणी भरावी लागते. तेही विभागाकडून लेखी घे आणि हे सगळे आकडे एका कागदावर लिहून वडिलांपुढे ठेव. सूत, वीज आणि मजुरीचा हिशोब रोज घालणाऱ्या माणसाला मांडलेला खर्च समजतो. ते गप्प झाले ते पैसा जातो कुठे, हे दिसेना म्हणून, असं मला वाटतं.

राहिली तुझी भीती. ‘देर, दी, दास’ला घाबरतेस, पण मराठीत तू लहानपणापासून तो, ती, ते सांभाळतेसच की! चमचा तो, वाटी ती, ताट ते, हे कुठल्या नियमाने शिकलीस? आणि क्रियापद शेवटी ठेवायची सवय तर तेलुगूनेही लावली आहे, मराठीनेही. इंग्रजीतून जर्मन शिकवतात, त्यामुळे या दोन्ही गोष्टी परक्या वाटतात. गौण वाक्य मनात मराठीतून जुळवून बघ, ‘वाइल’ (कारण) आणि ‘दास’ (की) या जोडशब्दांनंतरचा घाम निम्मा होईल. शेजारच्या अव्वांशी तू मोडकं कन्नड बोलतच असशील ना? तेव्हा व्याकरण आठवतं का?

ट्युबिंगेनला पहिले तीन आठवडे मी फक्त वर्ग आणि खोली केली. दुकानदार त्यांच्या श्वाबी बोलीत बोलायचे, तिथे घराचं, ‘हाउस’चं, ‘हॉइसले’ होतं. मला वाटायचं, माझंच जर्मन कच्चं. पुण्याची मुलगी सोलापुरात ‘काय बे’ ऐकून बावचळते, तसंच ते होतं, पण हे कळायला वेळ गेला. मग एका चर्चच्या गायनवृंदात जाऊ लागले, दर बुधवारी संध्याकाळी. सूर बेताचा, पण शेजारी उभ्या राहणाऱ्या आजी माझा ‘उ’ आणि ‘ई’च्या मधला स्वर ओठांचा चंबू करून दाखवायच्या आणि तो बरोबर येईपर्यंत सोडायच्या नाहीत. गाणं झाल्यावर खुर्च्या रचायच्या, चहा गाळायचा, कोणाला मोटारीतून सोडायचं ते ठरवायचं. माझी जीभ त्या खुर्च्या रचताना सुटली. तिथे काम पुढे ढकलायचं असतं, चूक झाली म्हणून कोणी थांबत नाही. तू सुद्धा पहिल्याच आठवड्यात असं एक काम धर जे दर आठवड्याला त्याच माणसांबरोबर करावं लागेल : गाणं, सायकलदुरुस्ती, काहीही. खोली घेताना सगळ्या भारतीय मुलींचा मजला मिळत असेल तर नको म्हण. सण त्यांच्याबरोबर कर, स्वयंपाकघर मात्र इतरांबरोबर वाटून घे.

एक शेवटचं. शनिवारी पोचू नकोस. वसतिगृहाचं कार्यालय बंद असतं आणि रविवारी दुकानं बंद. मी शनिवारी संध्याकाळी पोचले, खोलीत नुसती गादी होती, उशी-पांघरूण काही नाही. आईने जबरदस्तीने बॅगेत कोंबलेली चादर निम्मी अंथरली, निम्मी पांघरली. रविवारी दिवसभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. तू मंगळवार-बुधवार बघून तिकीट काढ, पण चादर ने. तुझ्या घरच्या मागावरची असेल तर तीच.